जड पाण्यातली म्हातारी

न मागता मदत करणारी माणसं मला चोरांपेक्षा वाईट वाटतात. चोर निदान माल नेल्यावर पुन्हा तोंड दाखवत नाही. मदत करणारा समोर उभा राहतो आणि आपण कधी कौतुक करतोय याची वाट बघतो. छोट्या असलाच माणूस.

छोट्या म्हणजे चाळिशी उलटलेला, ढेरी सुटलेला, लिफ्ट दुरुस्त करणारा गृहस्थ. भावंडांत शेवटचा म्हणून लहानपणी छोट्या, आणि ते नाव पुढे बायकोनेही उचललं. माणूस वाईट नव्हता हे आधीच सांगून टाकतो. वाईट माणसाची गोष्ट सांगायला फार डोकं लागत नाही. त्याला शिव्या घालायच्या आणि हात झटकायचे. इथे तसं करता येत नाही, म्हणूनच माझं डोकं फिरतं.

त्याची थोरली बहीण नवऱ्याचं घर सोडून त्याच्याकडे राहायला आली होती. तिला सगळे ताई म्हणत. ताईचा नवरा मारत नव्हता, पीत नव्हता, बाहेर कुठे भानगड नव्हती. त्यामुळे नातेवाइकांना तिने घर सोडल्याचं कारणच सापडेना. कारण सरळ होतं. तो तिला न विचारता सगळं ठरवायचा. कुठे राहायचं, कुणाशी बोलायचं, केस किती कापायचे. एकदा तर तिच्या ऑफिसात परस्पर फोन करून तिची नोकरीच सोडून टाकली. तिची दगदग वाचावी म्हणून. "तुझ्या भल्यासाठीच केलं ना," असं म्हणत तो तिच्यापुढे जेवणाचं ताट ठेवायचा. ही गोष्ट सांगितली तर मावश्या आणि काकवा म्हणायच्या, "अगं, मग इतकं काय झालं? जपत होता की!"

ताई आली ती एक बॅग घेऊन आणि ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक झाड घेऊन. झाड म्हणजे काय, तर नवऱ्याच्या दिवाणखान्यातल्या माशांच्या टाकीतून उपटून आणलेलं पाणवनस्पतीचं रोप. तपकिरी-हिरवी, कडा मुरडलेली लांबट पानं. क्रिप्ट म्हणतात त्याला. छोट्याने विचारलं, "एवढ्या घरातून हेच आणलंस?" ताई म्हणाली, "त्या घरात मी स्वतःच्या हाताने लावलेलं हे एवढंच होतं."

छोट्याच्या घरामागे एक अरुंद खोली होती. जुन्या लिफ्टचे भाग, वायरींची भेंडोळी आणि मोडकी सायकल यांचं तिथे राज्य. ताईने ती खोली मागितली आणि छोट्याने ती दिली. इथे त्याला पूर्ण मार्क. लोखंडी रॅक त्यानेच जोडून दिले, दिवे टांगले, टाक्या उचलून चढवल्या. पाठ धरली तर दोन दिवस वाकडा चालला, पण कुरकुर केली नाही.

मग पाण्याने ताईचा छळ मांडला. त्या भागात जमिनीखाली सगळा चुनखडीचा दगड. नळाला पाणी यायचं ते जड. साबणाला फेस नाही, किटलीच्या बुडाला पांढरा थर, शॉवरची भोकं महिन्याभरात बुजलेली. ताईने माशांच्या टाकीतल्या झाडांवरची पुस्तकं वाचली. ती पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या नळाला बहुतेक पावसाचंच पाणी येत असावं. हे लावा, ते लावा, लाल पानांची झुडपं लावा, पाणी मऊ आणि किंचित आंबट ठेवा. आमच्याकडे नसेल तसं पाणी, तर काय करायचं? गळ्यात दगड बांधून त्यात उडी घ्यायची? त्याबद्दल एक ओळ नाही.

ताईने लाल झुडपं लावली. ती पिवळी पडली, बुटकी झाली, टोकाकडे गोळा होऊन मेली. कुणी म्हणालं व्हिनेगर घाला, तिने घातलं. कुणी म्हणालं वाळकी पानं उकळून घाला. पाणी चहासारखं झालं, पण स्वभाव बदलला नाही. तपासायचे थेंब मिळतात, ते टाकून बघितलं की एक-दोन दिवस आंबटपणा वाढलेला दिसायचा आणि तिसऱ्या दिवशी पाणी जागच्या जागी परत. त्यातला चुना सगळं पचवून टाकायचा. असल्या खटपटीत मासेही मेले. ताई मोरीत बसून रडली आणि मग त्याच मोरीत तिला ते दिसलं.

नवऱ्याच्या घरून आणलेलं रोप तिने आल्या दिवशी एका बादलीत टाकलं होतं, तळाशी मूठभर वाळू घालून. त्याची पानं सगळी गळाली होती. गेलं म्हणून तिने ढुंकून बघितलं नव्हतं, आणि बादली लागली नाही म्हणून रिकामीही केली नव्हती. त्या बादलीत, त्याच जड पाण्यात, वाळूतून बोटाएवढी नवी पानं वर आली होती.

"म्हातारे," ताई बादलीला म्हणाली, "मेलीस असं वाटलं होतं गं."

तेव्हापासून ती म्हातारी. आणि तेव्हापासून ताईने पाण्याशी भांडण सोडलं. या पाण्यात जे सुखाने जगतं तेच लावायचं. म्हातारीच्या बाजूने फुटवे यायचे, ते तोडून दुसऱ्या टाकीत. फितीसारख्या लांब पानांचं वॅलिस तर त्या पाण्यात माजायचं. दुपारी दिव्यांखाली त्याच्या पानांवर चुन्याची पांढरी पूड चढायची. बोट फिरवलं तर खरखरीत. पाण्यातला चुना फोडून ते झाड त्यातून आपलं खाणं काढायचं आणि उरलेलं पानावर टाकायचं. छोट्याची बायको म्हणायची, "ताई, तुमच्या झाडांना कोंडा झालाय."

"तुझ्या नवऱ्याच्या डोक्यात आहे त्यापेक्षा कमीच आहे," ताई म्हणायची.

घर असं चालायचं. ताई हुकूम सोडायची, छोट्या ऐकायचा, त्याची बायको दोघांची टिंगल करायची. "छोट्या, बादली उचल." "छोट्या, पाय पूस, वाळू आणलीस घरभर." "छोट्या, तुला अक्कल आहे का, काचेवर साबण लावतात का?" काचांवरचा पांढरा पट्टा घासताना तर ताईच्या तोंडाला लगाम नसायचा. "जळ्ळं मेलं हे पाणी! हाताची सालं निघाली. कुणी या नळाला आग लावा रे!" रोज, न चुकता. जसं एखादी बाई आपल्या पोरांच्या नावाने बोटं मोडते आणि शेजारीण त्याच पोरांना एक शब्द बोलली तर तिच्या अंगावर धावून जाते, तसं ते बोलणं होतं. छोट्याला हा फरक कळला नाही. तो लिफ्टवाला. तक्रार आली की जायचं, खराब भाग काढायचा, नवा बसवायचा, सही घ्यायची. ताईची तक्रार त्याने तशीच डोक्यात नोंदवून ठेवली.

मासे आणि टाक्या विकणारा एक दुकानदार होता, त्याला सगळे टाकीवालाच म्हणत. तो बाहेरून रोपं मागवायचा. दिसायला देखणी, पण लोकांच्या घरच्या पाण्यात गेली की पंधरा दिवसांत चिखल. गिऱ्हाईक येऊन भांडायचं. ताईची रोपं त्याने एकदा दुकानात ठेवून बघितली. ती मरेचनात, कारण जन्मापासून त्यांना हेच पाणी माहीत. मग गिऱ्हाइकं येऊन विचारायला लागली, त्या बाईंचं झाड आहे का?

एक दिवस टाकीवाला घरी आला. डोळ्यांचा एक नवा दवाखाना होत होता. तिथे रुग्ण बसतात त्या खोलीत भिंतभर लांब टाकी बांधायची होती.

"सगळी तुमच्या झाडांनी भरायची," तो म्हणाला. "टिकली तर दुकानाच्या पाटीवर माझ्या नावाखाली तुमचं नाव. मागची जागा तुमच्या ताब्यात. रोपांचं खातं तुम्ही बघायचं, मी फक्त मासे."

"आणि नाही टिकली तर?"

"तुमची नाही टिकली तर मग मी प्लास्टिक लावून मोकळा होतो. डोळे दाखवायला आलेल्यांना कुठे दिसतंय!"

त्या संध्याकाळी ताई घरात नुसती फिरत होती. जेवताना म्हणाली, "ऐका रे दोघं. आजपासून मी भावाकडे राहणारी बहीण नाही. आता तुम्ही माझ्याकडे राहणारी माणसं आहात. नीट वागलात तर ठेवीन."

"भाडं किती?" छोट्याच्या बायकोने विचारलं.

"तू फुकट राहा. ह्याच्याकडून दुप्पट घेईन."

छोट्या हसता हसता रडायला आला होता. बहिणीला इतकं खुशीत त्याने लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. तिच्यासाठी काहीतरी करावं असं त्याला फार वाटलं. तिथेच घात झाला.

दवाखान्याची टाकी बांधून व्हायला अजून वेळ होता. ताईने सगळ्या टाक्यांत फुटवे वाढवत आणले होते. तेवढ्यात मावशी पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, तिच्याजवळ राहायला कुणी नव्हतं. ताईला जावं लागलं. निघताना तिने छोट्याला खोलीत उभं केलं.

"आठवड्यातून एकदा प्रत्येक टाकीतलं थोडं पाणी काढायचं आणि नळाचं तेवढंच घालायचं. थोडं म्हणजे थोडं. बाकी कशाला हात लावायचा नाही. म्हातारीकडे तर बघायचंसुद्धा नाही, तुझी नजर लागेल."

"मी काय लहान आहे?"

"नाव काय आहे तुझं?"

ती गेली आणि दुसऱ्याच दिवशी छोट्याने ओळखीच्या माणसांना बोलावलं. ज्या इमारतींतल्या लिफ्ट तो बघायचा, तिथे त्यांनी पाणी मऊ करायची यंत्रं बसवली होती. घराच्या मुख्य नळावर त्यांनी तसंच एक उभं केलं. वरून मीठ टाकायचं, पाण्यातला चुना आत अडकतो, मऊ पाणी बाहेर. छोट्याने नळाखाली हात धरला, साबण लावला आणि कोपरापर्यंत फेस आला. बायको न्हाऊन आली ती केस पुढे घेऊनच.

"बघ, हात लाव. रेशीम!" मग थांबून म्हणाली, "ताईंना विचारलंस ना पण?"

"सरप्राइज आहे."

"अरे, त्यांची झाडं..."

"झाडांसाठीच तर केलं! रोज त्या पाण्याला शिव्या घालते. काचा घासून हातांची काय दशा झालीय तिच्या."

आठवडा भरला. छोट्याने पाणी बदलायला घेतलं आणि त्याला तिचं 'थोडं' आठवलं. इतकं चांगलं पाणी घरात आलेलं असताना त्या बिचाऱ्या झाडांना थोडंच कशाला द्यायचं? त्याने टाक्या जवळजवळ रिकाम्या केल्या आणि मऊ पाण्याने काठोकाठ भरल्या. एका दिवसात चुन्यातून उचलून सगळ्यांना मिठाच्या यंत्राच्या पाण्यात. वर काचा घासून लख्ख केल्या. फोटो काढला, पण पाठवला नाही. आल्यावरच दाखवू.

दोन-तीन दिवसांनी म्हातारीची पानं काचेसारखी दिसायला लागली. आरपार. मग त्यांना भोकं पडली. मग ती देठापासून सुटून लिबलिबीत झाली, हात लावला तर बोटांना चिकटायची. एकीपाठोपाठ एक, सगळ्या टाक्यांतल्या क्रिप्ट. वॅलिसच्या फिती मधूनच वितळून वर तरंगायला लागल्या. खोलीला कुजका वास सुटला.

"ताईंना फोन कर," बायको म्हणाली.

"ती तिकडे मावशीचं करतेय. तिला कशाला टेन्शन?"

"टेन्शन त्यांना की तुला?"

उत्तर त्या प्रश्नातच होतं आणि त्यालाही ते माहीत होतं. रोज संध्याकाळी ताईचा फोन यायचा. मावशीचं सांगून झालं की ती विचारायची, "आणि आमची म्हातारी काय म्हणते?"

"मजेत आहे," छोट्या म्हणायचा.

हे लिहिताना माझे हात शिवशिवतात. त्या माणसाने एकदा, एकदाच म्हटलं असतं की ताई, पानं विरघळतायत गं, तर ती तिथूनच ओरडली असती. हात लावू नकोस, ते यंत्र बंद कर, जुनं पाणी थोडं थोडं घाल आणि गप बस. ही झाडं पाणी बदललं की रुसतात, सगळी पानं टाकून देतात आणि मुळांत बसून राहतात. महिना-दीड महिना जातो आणि परत येतात. ताईने ते बादलीत डोळ्यांनी पाहिलं होतं. छोट्याने पाहिलं नव्हतं. विचारायला तोंड होतं, फोन होता, रोजची वेळ होती. पण विचारलं असतं तर सरप्राइज गेलं असतं, आणि आपण चुकलो हे बहिणीच्या तोंडून ऐकावं लागलं असतं. मोठ्या मनाच्या माणसांना तेवढंच जमत नाही.

ताई यायच्या आधी सगळं नीट करायचं असं त्याने ठरवलं. खराब भाग काढा, नवा बसवा. सुट्टी टाकली आणि बाह्या सरसावून बसला. आधी वरची घाण चाळणीने काढली. मग वाळूत हात घालून मुळं उपटायला घेतली.

मुळं निघेनात. पान एकही शिल्लक नाही आणि खाली वाळूत पांढरी, टणक मुळं या टोकापासून त्या टोकापर्यंत विणलेली. ओढलं की सगळी वाळू एका चादरीसारखी उचलून यायची. म्हातारीच्या टाकीत तर त्याला दोन्ही हातांनी धरून, काचेला पाय लावून हिसका द्यावा लागला.

"च्यायला, मेली तरी सोडत नाही," तो घामाघूम होऊन म्हणाला.

बायको दारात उभी होती. "छोट्या, मेलेलं झाड इतकं धरून बसतं का रे?"

"मग पानं कुठायत?"

तिने कचऱ्याची पिशवी उघडून धरली. सकाळी कचऱ्याची गाडी येऊन गेली.

टाकीवाल्याकडे जायची छोट्याला सोय नव्हती, तो ताईला सांगणार. म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानात गेला. तिथल्या पोरीने विचारलं, "पाणी मऊ आहे का?" छोट्या छाती काढून म्हणाला, "एकदम मऊ." तिने सगळ्यांत महागडी, सगळ्यांत लाल झुडपं दिली. त्याने ती ओळीने लावली, टाकीमागे काळा कागद चिकटवला. खरं सांगायचं तर खोली सुंदर दिसत होती. कुठल्याही मासिकात छापावी अशी.

ताई आली ती दुपारी. बॅग दारात ठेवून, चपला काढायच्या आधी सरळ मागच्या खोलीत गेली. छोट्या मागोमाग. तो अजूनही, हे ऐका, अजूनही कौतुकाची वाट बघत होता.

तिने एका टाकीत बोट बुडवून अंगठ्याशी चोळलं. पाणी बुळबुळीत लागलं.

"काय केलंस पाण्याला?"

त्याने सांगितलं. यंत्राचं सांगितलं, फेसाचं सांगितलं, तिच्या हातांचं सांगितलं. मग घाईघाईने, "तुझी झाडं मेली गं ताई, काय झालं कळलंच नाही, पण मी त्याच्यापेक्षा भारी आणली, बघ ना..."

"मुळं कुठे आहेत?"

"काय?"

"मुळं, छोट्या. म्हातारीची मुळं. कुठे ठेवलीस?"

"सगळं मेलं होतं गं. एक पान नव्हतं."

"पानं नव्हती. मुळं काय रंगाची होती?"

छोट्याच्या डोळ्यांपुढे ती आली. पांढरी. टणक. काचेला पाय लावून ओढलेली.

"टाकली," बायको मागून म्हणाली. "मी पिशवी धरली होती, ताई."

ताईने मान हलवली. छोट्याला वाटलं, आता फुटेल, आता लाटणं येईल अंगावर. त्याने खांदेसुद्धा आवळले.

"रोज फोन करत होते," ती म्हणाली. "रोज विचारत होते."

"तुला त्रास नको म्हणून... तुझ्या भल्यासाठीच..."

ते शब्द तोंडातून निघाले आणि त्यालाच ऐकू आले. ताईने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर तो आज सुखाने झोपला असता. ती त्याच्याकडे ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं बघत होती. हा माणूस आपण आधी कुठेतरी बघितलाय, असं.

"हात धुऊन घेते," ती म्हणाली. "चहा कुणी टाकतंय का मी टाकू?"

टाकीवाल्याला तिने स्वतः फोन करून नाही म्हणून सांगितलं. तो धावत आला. म्हणाला, गिऱ्हाइकांकडे तुमची रोपं आहेत, फुटवे मागून आणतो, दवाखान्याची टाकी वर्षभर उशिरा भरू, मी बोलतो डॉक्टरांशी. भला माणूस. ताईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नको. तुम्ही तुमचं बघा." कारण सांगितलं नाही. छोट्याने बोलायचा प्रयत्न केला तर तिने त्याला पाणी आणून दिलं.

ती घर सोडून जाईल असं सगळ्यांना वाटलं होतं. गेली असती तर बरं झालं असतं. भांडून गेलेली बहीण परत आणता येते, दारात जाऊन पाया पडता येतं. ताई गेली नाही. ती राहिली आणि पाहुणी झाली. मावशीच्या ओळखीने एका कापडाच्या दुकानात गल्ल्यावर बसायला लागली. महिन्याला घरखर्चाचा वाटा टेबलावर ठेवते. फ्रिज उघडायच्या आधी छोट्याच्या बायकोला विचारते. टीव्हीचा आवाज कुणी वाढवला तर उठून आत जाते. "छोट्या, पाय पूस" असं त्या घरात आता कुणी म्हणत नाही. तिने त्याला शेवटची शिवी कधी दिली ते त्याला आठवतही नाही. शेवटची आहे हे तेव्हा कुठे माहीत होतं?

छोट्याने ते यंत्र काढून टाकलं. गिऱ्हाइकांची घरं शोधून, स्वतःची ओळख सांगून, म्हातारीच्या वाणाचे चार फुटवे मिळवले. एका बाईने तर त्याला दारातच सुनावलं, "त्यांचे भाऊ ना तुम्ही? ऐकलंय." तरी त्याने हात जोडून फुटवे घेतले. मागच्या खोलीत एकच टाकी ठेवली होती, त्यात जड पाणी भरलं आणि ताईला बोलावलं.

"लावतेस का?"

"तू म्हणत असशील तर लावते."

तिने लावले. नीट, हलक्या हाताने, जसे लावायचे तसेच. मग हात पुसून बाहेर गेली. फुटवे जगले आहेत. नवी पानं आली आहेत, कडा मुरडलेली. ती बघायला ताई त्या खोलीत जात नाही. छोट्याच जातो.

आता तो प्रत्येक गोष्ट विचारतो. ताई, पडदे कुठले घेऊ? ताई, भिंतीला रंग कुठला? ताई, रविवारी कुठे जायचं? त्याच्या बायकोला बघवत नाही. ती म्हणते, आता पुरे कर. त्याचं पुरे होत नाही. परवा संध्याकाळी ताई कामावरून येऊन सोफ्याच्या कडेला बसली होती, पर्स मांडीवर तशीच. छोट्या मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला, बटणावर बोट ठेवून.

"ताई, टाकीचा दिवा लावू का गं?"

"लाव की," ती म्हणाली. "बिल तुलाच येतं."